गच्चीवरच्या वर्द्या

१९ ऑक्टोबर, रविवार

प्रिय बारकू,

अनेक आशीर्वाद. तुझी पत्रं मिळाली, शेवटचं परवा आलं. आधीच्या पत्रांना उत्तर नाही म्हणून ताई रागावली का, असं विचारलंयस. रागावलेली नाही. लाँड्री पुन्हा सुरू करायची धांदल होती. शिवाय पत्र लिहायचं म्हटलं की मला शाळेतल्या निबंधासारखा घाम फुटतो, हे तुला माहीत आहे. माझे निबंध तूच लिहून द्यायचास, माझ्यापेक्षा लहान असून.

तुझ्या बायकोची कंबर आता कशी आहे? तिला म्हणावं, बादल्या उचलायला घरात नवरा ठेवलाय.

इथे सगळं ठीक. वीज दिवसातला बराच वेळ असते. बॉयलर दुरुस्त झाला, पण पूर्वीसारखा सुरात चालत नाही, मध्येच खोकतो. पुढची भिंत नवी बांधली. रंग अजून दिलेला नाही. इस्त्रीवाल्या मावशी परत आल्यात. त्यांचे हात चालतात तेवढंच तोंड चालतं, त्यामुळे दुकान पुन्हा दुकानासारखं वाटायला लागलंय. इस्पितळाच्या चादरी पुन्हा आपल्याकडे येतात. हॉटेलवाल्याचं काम मात्र गेलं, कारण हॉटेलच राहिलं नाही.

तुला आठवतं, थोरल्या साहेबांची तसबीर प्रत्येक दुकानात लावायची सक्ती होती? यांनी ती मुद्दाम बॉयलरच्या वर लावली होती. वाफेने काच कायम धुरकट, आतले साहेब काही दिसायचे नाहीत. तपासणीला माणूस आला की हे हात जोडून म्हणायचे, "काय करणार, साहेब आमच्यासाठी घाम गाळतात." तो माणूस हसावं की वहीत लिहावं या विचारात निघून जायचा. तसबीर गेली, खिळा राहिलाय. गिऱ्हाईकं विचारतात, आता इथे कोणाला टांगणार? मावशींनी परवा त्यावर चिमट्यांची पिशवी अडकवली. म्हणाल्या, "ही तरी कामाची."

टिल्लू बरा आहे. आता त्याला टिल्लू म्हणताना मान वर करावी लागते, पण दुसरं नाव तोंडात येत नाही. पोरगा तुरुंगातून आला तेव्हा नुसता सांगाडा होता, आता गालावर थोडं मांस दिसतं. डावा हात खांद्याच्या वर जात नाही. तिथे त्याला काय केलं ते तो सांगत नाही, आणि मी विचारत नाही. खालची मशीनं तोच बघतो. कपडे वाळत घालायला मी गच्चीवर जाते, तो मागून टोपली आणतो आणि एकेक चिमटा हातात देतो. साहेबांच्या मिरवणुकीत टाळ्या वाजवल्या नाहीत म्हणून उचलला होता ना त्याला. परवा मावशींच्या विनोदावर त्याने टाळी दिली, उजव्या हाताने. मावशी पदराने डोळे पुसत इस्त्रीकडे वळल्या आणि वाफेला नावं ठेवायला लागल्या.

रेडिओवर तुझं भाषण ऐकलं. चांगलं बोलतोस. तुझा आवाज आता थेट आपल्या बाबांसारखा झालाय.

आता तुझ्या कामाचं. तू लिहिलंयस की दुसऱ्या एका देशातले परागंदा लोक तुमच्या परदेशातल्या मंडळाकडे आलेत. त्यांच्याकडेही असाच एक थोरला साहेब बसलाय, तुरुंग भरलेत. आपल्याकडे आली तशी विमानं त्यांच्याकडेही पाठवावीत, असा अर्ज ते करणार आहेत आणि त्यावर तुझी सही पहिली हवी आहे, कारण आपल्या वेळी तू केली होतीस. तू मला विचारतोस, "ताई, तू तिथे होतीस. सांग, करू का?" आणि अर्जासोबत छापायला भावोजींचा एक फोटो मागितलायस. त्याखाली काय छापणार तेही लिहिलंयस, "जुलमी राजवटीच्या तोफेने मारलेला साधा लाँड्रीवाला".

फोटो बघते. लग्नातला आहे, पण त्यात त्यांचे डोळे मिटलेत.

उरलेलं उद्या लिहीन. मावशी हाका मारतायत.

सोमवार, दुपार

बारकू, कालचं पत्र तसंच पाकिटात घालून टाकणार होते. मग वाटलं, तू फोटोखाली ते वाक्य छापशील आणि मग ते कायमचं होईल. चौकात नव्या समितीने फलक लावलाय, त्यावरही तोफच लिहिलंय. फलकावर काय लिहावं यावर माझं चालत नाही. तुझ्यावर थोडं चालतं.

भावोजी तोफेने गेले नाहीत.

शेजारच्या फोनवरून तुला कळवलं तेव्हा मी एवढंच म्हटलं होतं, की लाँड्रीवर पडलं आणि हे गेले. काय पडलं ते तू विचारलं नाहीस आणि मलाही तेव्हा नीट माहीत नव्हतं. नंतर कळलं. तोवर तू सभांमधून सांगायला लागला होतास. आता नीट सांगते.

आपली पद्धत तुला ठाऊक आहे. इस्पितळाच्या चादरी गच्चीवर, उन्हात. सैन्याच्या वर्द्या आत, बॉयलरमागच्या खोलीत, कारण उन्हाने त्यांचा रंग विटतो आणि मग कोठारावरचा सुभेदार शिव्या घालतो. वर्द्या धुवायला आपण कधी मागितल्या नव्हत्या, त्या टेम्पोने आणून टाकायचे. चादर उन्हात आणि वर्दी सावलीत, इतकी वर्षं यात फरक झाला नाही.

विमानं यायला लागली आणि हुकूम निघाला की कुठल्याही गच्चीवर पांढरं कापड दिसता कामा नये. पांढरं म्हणजे शरणागती. पलीकडच्या गल्लीत एका बाईला लंगोट वाळत घातले म्हणून नेलं. हे म्हणाले, "शरण जायचं तर निदान डाग नसलेल्या कापडाने जावं, लंगोटाने कसलं जातात." पण हुकूम पाळला. इस्पितळात जखमींची रीघ, चादरी रोज हव्यात. त्या आता आत बॉयलरजवळ वाळवाव्या लागत होत्या. मागची खोली भरली. मग वर्द्यांना जागा कुठली? हे त्या गच्चीवर घेऊन गेले. मावशी जिन्यात आडव्या आल्या, रंग उडेल म्हणाल्या. हे म्हणाले, "मावशी, त्यांचा रंग उडायचीच वेळ आलीय."

खाली आम्ही दोघी चादरींच्या घड्या घालत होतो. सकाळची वेळ होती. पडलं तेव्हा चादरींच्या ढिगाने आम्हाला वाचवलं.

काही महिन्यांनी त्या परक्या सैन्यातले दोघे आले, साध्या कपड्यांत, सोबत दुभाषी मुलगी. पायपुसण्याला बूट पुसून आत आले. फार नम्र माणसं. आम्ही आमच्या चुका तपासतो, असं म्हणाले. त्यांतल्या वयस्काने इस्त्रीच्या टेबलावर एक फोटो ठेवला, विमानातून काढलेला. मी आपली गच्ची अशी वरून कधी पाहिली नव्हती. कठड्याचा तुटका कोपरा ओळखला, वेताची टोपली ओळखली. ओळीने वर्द्याच वर्द्या. आणि मधे हे, दोन्ही हात वर करून. दोरीला चिमटा लावताना माणूस उभा राहतो तसे. तोंडात आणखी दोन चिमटे असणार, ते वरून दिसत नाहीत.

तो म्हणाला, वर्द्यांच्या रांगा पाहून त्यांना ती छावणी वाटली. खेद वाटतो, असं त्या मुलीने तीन-चार शब्द बदलून पाहिले, मग खेदावरच थांबली.

मी विचारलं, "हा माणूस तुम्हाला दिसत होता ना?"

तो म्हणाला, "हो."

"मग हा फोटो मला मिळेल का?"

ते देता येत नाही, गुप्त असतं. त्याने फोटो परत पाकिटात ठेवला. जाताना दोघेही दारात वाकले.

आता तू म्हणशील, मग ताई इतके दिवस गप्प का. कारण त्याच विमानांनी टिल्लूला घरी आणलं. तुरुंगाजवळच्या पुलावर पडलं तशी पहारेकऱ्यांनी वर्द्या काढून खुंट्यांवर टांगल्या आणि घरच्या कपड्यांत पळाले. दारं उघडी टाकून. पोरगा चालत आला. गल्लीच्या तोंडाशी त्याने विचारलं म्हणे, आमच्या लाँड्रीची भिंत कुठे गेली.

सगळं त्याला सांगितलंय. तो म्हणतो, "आई, ती आली नसती तर मी तिथेच संपलो असतो. मला विचारशील तर मी पुन्हा बोलवीन." आणि मग त्याच्या बाबांचा स्वेटर घालून खाली मशीनवर जाऊन बसतो. मी त्याच्याशी वाद घालत नाही. त्याने जे पाहिलंय ते मी पाहिलेलं नाही.

आम्हीही वाटच बघत होतो, हे तुझ्यापासून लपवत नाही. त्याला नेलं तेव्हापासून हे म्हणत होते, कोणीही येऊ दे, सैतान आला तरी चालेल, पोरगा सुटू दे. पहिल्यांदा विमानांचा आवाज आला तेव्हा यांनी माझा हात धरला आणि म्हणाले, "आले एकदाचे." मला बरं वाटलं होतं. तू फोनवर सांगितलं होतंस, घाबरू नका, ते फक्त छावण्यांवर टाकतात. हे ते वाक्य गिऱ्हाइकांना सांगायचे, माझा मेहुणा तिकडे आहे, त्याला माहितीय म्हणून.

तुझ्या सहीने ती विमानं आली असं मी मानत नाही, बारकू. तुझं एवढं मोठं नाव नाही. त्यांना यायचं होतं तेव्हा ती आली. आधी कित्येक वर्षं आम्ही इथे मरत होतो, तेव्हा नव्हती आली. तेव्हा हे ओझं घेऊन फिरू नकोस. पण हातात पेन होतं, एवढं तर खरं.

तर मग करू का, या प्रश्नाचं माझं उत्तर. कोणी मला म्हणालं की परक्याने कधीच येऊ नये, तर मी टिल्लूच्या खांद्याकडे बघते. कोणी म्हणालं की यायलाच हवं, तर मला गच्चीवर जावं लागतं, कारण कपडे रोज वाळत घालायचेच असतात. यापुढे माझी अक्कल चालत नाही. तिथल्या लोकांना मी हो म्हणून सांगू शकत नाही आणि तुमच्या पोरांना तुरुंगातच राहू द्या असंही सांगू शकत नाही.

एक मात्र सांगते. लग्नातला फोटो मी पाठवत नाही. यांचा शेवटचा फोटो त्या परक्या सैन्याकडे आहे. तुझी तिथे ओळख आहे, मोठ्या लोकांत तुझी ऊठबस आहे. मागून घे. मला दिला नाही, तुला कदाचित देतील. तो अर्जावर छाप. खाली खरं लिही, की हा लाँड्रीवाला, आम्ही बोलावलेल्या विमानाने मारला. शेजारी टिल्लूचा फोटो छाप आणि लिही, की हा त्याचा मुलगा, त्याच विमानांनी सुटला. टिल्लूला विचारलंय, तो हो म्हणालाय. असा अर्ज त्या लोकांसमोर ठेव. दोन्ही फोटो बघून ते जर म्हणाले की तरीही सही हवी, तर तू कर, मी तुला बोल लावणार नाही. आणि ते म्हणाले की पहिला फोटो काढून टाका, तर पेन खिशात घालून घरी जा.

तुझ्या बायकोला हे पत्र वाचायला दे. एकट्याने वाचून कोपऱ्यात बसशील, तुझी सवय मला माहीत आहे. आणि जमेल तेव्हा ये. यायला आता कोणाची परवानगी लागत नाही. गच्चीवर पुन्हा चादरी असतात. मोठ्या चादरीची घडी घालायला समोर दुसरं माणूस लागतं, आणि टिल्लूचा हात तेवढा वर जात नाही.

पूर्वी पत्राच्या शेवटी आम्हा दोघांचे आशीर्वाद असायचे. याही वेळी दोघांचेच समज. काल वर मी रागावलेली नाही असं लिहिलंय, ते खोडलेलं नाही, पण ते त्यांच्या वतीने आहे. त्यांना कोणावर राग धरणं कधी जमलंच नाही. मी अजून शिकतेय.

तुझीच,
ताई