खाकरणं

प्रिय ताई,

नोकरी टिकली आहे. हसू नकोस, दोन महिने झाले! कुत्र्यांना शिकवणाऱ्या एका बाईंकडे पिंजरे धुतो. पहिल्याच दिवशी त्या म्हणाल्या, "कुत्र्यांआधी तुलाच वळण लावावं लागणार." बूट फाटलेत, पण ते जाऊ दे.

इथे खाण्याआधी घंटी वाजते. परवा पुसताना ती माझ्या हातून वाजली. भांडी रिकामी, आणि सोळा तोंडांतून लाळ! घंटीमागून खाणं इतक्यांदा आलंय की आता नुसती घंटीही पुरते. एक तपकिरी कुत्री मात्र साखळी खळखळली की कोपऱ्यात जाऊन मुतते. पूर्वी कुणी तिला साखळीने मारायचं. त्याला पाच वर्षं झाली, मग अजून का, असं मी विचारलं. बाई म्हणाल्या, "तिला कळतं रे. तिच्या अंगाला कोण सांगणार?"

तेव्हा मला आपला जिना आठवला. बाबा खालचं शिवणकाम आटोपून वर यायचे, तिसऱ्या पायरीवर खाकरायचे, आणि हातात ती लाकडी पट्टी. माझे तळवे ओले व्हायचे. तू म्हणायचीस, "याच्या हातांना नळ बसवलाय." मग तू ती पट्टी मोडलीस. त्यानंतर बाबांनी कधी हात उगारला नाही, हेही खरं. खाकरायचे मात्र तसेच. मी दचकू नये म्हणून मुद्दामच खाकरतात, हे तू मला किती उशिरा सांगितलंस! तोवर मी गाव सोडून तीन नोकऱ्या बदलल्या होत्या. अजून कुणी म्हातारा खाकरला की मी हात मागे लपवतो.

बाई त्या कुत्रीसाठी साखळी अगदी हळू हलवतात आणि लगेच बिस्कीट देतात. रोज. काल ती कोपऱ्यातून दोन पावलं पुढे आली.

बाबा जायच्या आदल्या दिवशी त्यांनी माझ्या फोनवर काय निरोप ठेवला, असं तू दोनदा विचारलंस. ताई, मला माहीतच नाही. निरोप खाकरण्याने सुरू होतो, आणि माझा अंगठा तिथेच तो बंद करतो. त्या दिवशी त्यांचा फोनही मी असाच कापला होता. राग नव्हता गं. आता रोज सकाळी तोंडात बिस्कीट धरतो, तेवढं खाकरणं ऐकतो आणि थांबतो. आज नववा दिवस. तळवे अजून ओले होतात. पुढचं ऐकू आलं की आधी तुलाच कळवीन.

तुझाच,
नळवाला