ताईच्या आवाजातला फोन

समुपदेशक मॅडम,

सोमवारी फोनवर हुंदके देत बोलली ती माझी ताई नव्हती. मी होतो, तिचा धाकटा भाऊ. नकला करण्यात मी पटाईत आहे.

ताईनं चौदा वर्षं सैन्यात ट्रक चालवला. निवृत्त होऊन घरी आली, तेव्हा मी गंमत म्हणून तिच्या पाठीमागं कागदी पिशवी फुगवून फोडली. ती ताटासकट टेबलाखाली गेली. बाहेर येऊन म्हणाली, "गधड्या, जेवण सांडलं ना." पण तेव्हापासून भिंतीला पाठ लावूनच जेवते. डॉक्टरकडे चल म्हटलं, तर म्हणते, "मला काय धाड भरलीय?"

म्हणून माजी सैनिकांसाठीच्या तुमच्या हेल्पलाइनवर मीच फोन केला. तुमच्या ऑफिसातल्या माणसानं आधी विचारलं, "मिस्टर कुठल्या तुकडीत होते?" मी ताईच्या आवाजात म्हणालो, "मिस्टर नाहीत. ट्रक मीच चालवायचे." मग तुम्ही झोपेचं विचारलंत, दचकण्याचं विचारलंत. मला सगळी उत्तरं येत होती, याचीच भीती वाटली. रडू मात्र खरं होतं.

आता ताईच्या मोबाईलवर तुमचा मेसेज आलाय, उद्या अकराला भेट. तिला वाटतंय, सैन्यानं आपणहून आठवण काढली. "बघ, विसरले नाहीत मला," म्हणाली. शर्टाला तीनदा इस्त्री केलीय.

हे पत्र तुम्हाला द्यायचा धीर होत नाहीये. पण उद्या तुम्ही "फोनवर म्हणालात ना" एवढं जरी बोललात, तरी ती उठून चालती होईल. हात जोडतो, कुणाला सांगू नका. तिला तर नाहीच नाही.

तुमच्याशी खोटं बोललेला,
ताईचा धाकटा