कोयता कुणाच्या हातात होता

आये, जंगलाचा अभ्यास करायला मी परदेशात आले आहे हे ऐकून तू पदर तोंडाला लावून हसली असतीस. "आपल्या रानात मास्तर न्हाई घावला व्हय?" म्हणाली असतीस. काल वर्गात मला आपल्या देवराईबद्दल बोलायला लावलं. आंबेगावच्या पश्चिमेचा डोंगर, आपण महादेव कोळी, हिरड्याची जुनी झाडं, वाळकी फांदीसुद्धा चुलीला न लावणारी माणसं, सगळं सांगितलं. बाईंनी विचारलं, "ही राई टिकली कशी?" मी म्हणाले, "श्रद्धेनं." सगळ्यांनी माना डोलावल्या. इथल्याच एका आदिवासी जमातीतला, माझ्याहून वयानं मोठा विद्यार्थी मात्र तास संपल्यावर जवळ आला. "आमच्याकडे जंगलासाठी रक्त सांडलं. तुमच्याकडे नाही?" मी नाही म्हणाले. खोलीवर आले आणि तुला हे पत्र लिहायला बसले.

मी दहावीत होते. निम्मं गाव लग्नाला घोडेगावला गेलेलं. राईतून करवतीच्या मशीनचा आवाज आला तशी तू तव्यावरची भाकरी टाकून पळालीस. मी कोयता घेऊन तुझ्यामागे. दोन हिरडे आडवे पडलेत. तू तिसऱ्याला पाठ लावून उभी राहतेस. झाडं तोडणाऱ्या टोळीचा मुकादम म्हणतो, "मावशी, बाजूला व्हा, न्हाईतर बरं व्हणार न्हाई." तू म्हणतेस, "आधी मला काप." तो दांडकं घालतो. तुझं कपाळ फुटतं. दुसरा घाव खांद्यावर बसतो आणि हाड मोडल्याचा आवाज मला मशीनच्या आवाजातही ऐकू येतो. मग माझा कोयता त्याच्या हातावर पडतो. त्याची तीन बोटं पाचोळ्यात पडलेली मी पाहिली. तो गुरासारखा ओरडत होता. त्याच्या माणसांनी त्याला उचललं आणि पळाले.

तू माझ्या हातातून कोयता ओढून घेतलास आणि धडक्या हातानं माझ्या दोन मुस्काटात दिल्यास. "तू हितं नव्हतीस. घरी भाकरी भाजत व्हतीस. समजलं?" दुपारी पोलीस आले. "मी मारलं," तू म्हणालीस, "परत आले तर परत मारीन." मुकादमानंही तुझंच नाव सांगितलं. पोरीनं बोटं तोडली म्हणायची त्याला लाज वाटली असावी. आठ महिने तू आत होतीस. आलीस तेव्हा डावा हात खांद्याच्या वर जात नव्हता. खटल्याचा निकाल लागायच्या आधीच तू गेलीस. राईत मात्र पुन्हा कुणी मशीन घेऊन आलं नाही. इथल्या अर्जात विचारलं होतं, तुमच्यावर कधी गुन्हा दाखल झाला आहे का? मी 'नाही' लिहिलं. ते खरंच होतं.

त्या विद्यार्थ्याला उद्या खरं सांगेन. पण सगळं नाही. उरलेलं फक्त तुला सांगायचं आहे, आणि तुला पत्र पोचत नाही म्हणूनच ते लिहायला धजते आहे. मी तुला वाचवायला कोयता उचलला, असं तू शेवटपर्यंत मानलंस. आये, दुसऱ्या घावानंतर मुकादमच घाबरला होता. त्यानं दांडकं टाकून दिलं होतं. "लई लागलं का, बघू," म्हणत तो तुझ्याकडे वाकला होता. कपाळाचं रक्त तुझ्या डोळ्यांवर आलं होतं, मारानं कान सुन्न झाले होते, तुला दिसलं नाही, ऐकू आलं नाही. मला दिसलं होतं.