मान वर कर

४ जानेवारी
नव्या घरी आलो. दोन खोल्या, भिंतींना ताज्या रंगाचा वास. स्वयंपाकघराच्या खिडकीतून अणुवीज केंद्राचा मनोरा दिसतो. त्याची पांढरी वाफ पाहून लेक म्हणाली, बाबा, तुला ढगांच्या कारखान्यात नोकरी लागली. बऱ्याच दिवसांनी हसलो. माझं काम आसपासचं पाणी आणि दूध तपासायचं. तिच्या आईचा फोटो खिडकीत नको म्हणाली, आईला ऊन लागेल. कपाटावर ठेवला.

९ जानेवारी
शेजारच्या मावशी मोकळ्या स्वभावाच्या. माझा स्वयंपाक चाखून म्हणाल्या, ह्यापेक्षा तुमची अणुभट्टी बरी.
इथली एक रीत कळली. सकाळी शाळेच्या फाटकाशी बायका मुलांना मान वर करायला लावतात आणि दोन बोटांनी गळा चाचपतात. केंद्रामुळे गाठ आली आहे का, म्हणून. मूल कुणाचंही असो. लेकीचाही गळा चाचपला. तिला आवडलं. आई गेल्यापासून असा हात तिला लागला नव्हता.

२० जानेवारी
पाण्यात, दुधात वावगं काही नाही. मावशींना तसं सांगितलं. म्हणाल्या, भाऊ, मीटर त्यांचं, पगार त्यांचा, मग आकडा कुणाच्या बाजूचा येणार? त्यांची धाकटी बहीण गळ्याच्या गाठीनं गेली. माझी बायकोही गाठीनंच गेली आणि आमच्या जुन्या गावाजवळ एकही भट्टी नव्हती, हे ओठांवर आलं होतं. पण दुसऱ्याच्या दुःखापुढे आपलं काय काढायचं.

३ फेब्रुवारी
काल गळा चाचपताना मावशींच्या बोटांना काहीतरी लागलं. मग सगळ्यांनीच दाबून पाहिलं. आज लेकीच्या गळ्यावर निळे डाग आहेत. डॉक्टर म्हणाले, गाठ नाही, रोज दाबून सूज आली आहे. हात लावू नका, उतरेल. फाटकाशी जाऊन मी सगळ्यांना हात जोडले. मागून कुणीतरी म्हणालं, पगार बाप खातो, खवखव लेकीच्या घशाला.

९ फेब्रुवारी
तिला घरीच ठेवलं आहे. आता बायका दाराशी येतात. नुसत्या रडतात. एकीनं आपल्या गेलेल्या मुलीचा फ्रॉक आणून दिला. नको म्हणवेना.
लेक पाणी पीत नाही. मीच तपासलेलं पाणी तिच्यासमोर प्यायलो. म्हणाली, आईपण पाणी प्यायची.

१३ फेब्रुवारी
सूज उतरत का नाही? दाराला कडी आहे. कुणी आत येत नाही, मग कोण —
दुपारी आरशासमोर सापडली. मान वर. स्वतःचीच दोन बोटं.

१४ फेब्रुवारी
मन चिंती ते वैरी न चिंती. ती झोपली असताना मीही दाबून पाहिलं. एकदाच.
मग परत एकदा, खात्री म्हणून —

१६ फेब्रुवारी
जेवली नाही. डॉक्टर पुन्हा तेच म्हणाले. पण त्यांचा पगार तरी कोण —
हे मी लिहिलं?

१७ फेब्रुवारी
बायका आल्या आहेत. कडी तिनंच काढली. फ्रॉक घातला आहे. मान वर करून, डोळे मिटून उभी आहे, आणि आई, आई म्हणते —
त्यांना हाकलून दिलं. दार लावलं. तिला मांडीवर घेऊन बसलो आहे. आता कुणीही तिला हात लावणार नाही.
उजव्या हातानं लिहितो आहे. डावा तिच्या गळ्यावर आहे. काढतो. आता काढतो, फक्त इथे बोटांखाली —