दोरिनच्या खोलीतला दिवा

अनातोल,

आपल्या दोरिनला आणायला बस स्टँडवर जातेय. त्याच्या खोलीत हवेतले जंतू मारायचा निळा दिवा चालू आहे. दहा वाजता बंद कर, पण बाहेरच्या बटणानेच. आत डोकावू नकोस, मागच्या खेपेला दोन दिवस डोळे चोळत बसला होतास. मग खिडकी सताड उघड. मांजर स्वयंपाकघरात कोंडलंय, दिव्याचा वास गेल्यावरच सोड.

आणि तो दिवा तळघरात नेऊन ठेव. दोरिनच्या नजरेला पडता कामा नये. वासाचं विचारलंच तर सांग, आईने औषध घालून फरशी पुसली.

हो, सॅनेटोरियमचा कागद मीही वाचलाय. क्षय बरा झालाय, आता कुणाला लागण होणार नाही. मी तीस वर्षं छातीच्या वॉर्डात नर्स होते, मला शिकवू नकोस. तरी सकाळपासून तिसऱ्यांदा दिवा लावलाय.

कोंबडीचं सूप गरम करून ठेव.

फ्रिजवर एक वाडगा आणि चमचा आहे. दोरिनसाठी मी वेगळे काढले होते. ते दोन्ही आत्ताच कचऱ्यात टाक. मी येऊन शोधायला लागले तरी कुठे टाकलंस ते सांगू नकोस.

ल्युदा