भाजतो आणि भजतो

आई,

आज सकाळपासून मी तीनदा या टेबलाशी बसले आणि तीनदा उठले. एकदा वॉशिंग मशीन थांबलं म्हणून, एकदा एसीचं पाणी टपकतंय असं वाटलं म्हणून आणि तिसऱ्यांदा उगीचच, खिडकीपर्यंत जाऊन यायला. इथे सौदीत, अल-खोबरमध्ये, या दिवसांत दहालाच रस्ता पांढराफटक पडतो, खाली बघण्यासारखं काही नसतं. तरी बघत उभी राहिले. तुला जाऊन दहा वर्षं झाली, इतक्या वर्षांत मी तुला एक ओळ लिहिली नाही आणि आता एका सिनेमामुळे लिहायला बसले आहे, हे तुला गमतीचं वाटेल.

शुक्रवारी दुपारी जेवणं झाल्यावर तुझ्या नातीने तो लावला. ती आता सतरा वर्षांची आहे, माझ्यापेक्षा उंच. सिनेमा साधाच, सगळ्यांनी मिळून बघण्यासारखा. अमेरिकेतला एक मुलगा, मॉर्मन पंथाचा. त्यांच्यात विशी गाठायच्या आधीच मुलं दोन वर्षं घर सोडून धर्मप्रचाराला जातात, पंथ पाठवेल त्या देशात. हाही जातो. पांढरा शर्ट, टाय, सायकल, जोडीला तसाच एक दुसरा मुलगा. दारं वाजवतो, लोक तोंडावर दारं लावून घेतात. इकडे सोफ्यावर ह्यांना अर्ध्या तासातच झोप लागली. मग तो मुलगा एका छोट्या सभेत पहिल्यांदा त्या लोकांच्या भाषेत बोलायला उभा राहतो आणि एक शब्द असा काही चुकवतो की सगळे हसतात. त्याचे कान लाल होतात, पण तो बोलत राहतो.

मीही हसले. चांगली मोठ्याने.

तुझ्या नातीने सिनेमा थांबवला. माझ्याकडे न बघताच म्हणाली, "दॅट्स हाऊ यू लाफ्ड ॲट मी."

"कधी?" मी विचारलं. मला माहीत होतं, तरी विचारलं.

"द कॅट व्हिडिओ, मम्मा."

ती सहा वर्षांची होती. ह्यांच्या ऑफिसमधली दोन मराठी कुटुंबं जेवायला आली होती आणि मी तिला सोफ्यावर उभी करून म्हणायला लावत होते, "काळ्या मांजरीने केळं खाल्लं." ती म्हणे, "काला मांजरने केला खाला." सगळे हसले की मी म्हणे, पुन्हा एकदा. चौथ्या वेळी तिचा आवाज बारीक झाला होता, तो व्हिडिओत ऐकू येतो. मी तो घरच्या ग्रुपवर टाकला. मामा, मावश्या, सगळ्यांनी हसून हसून डोळ्यांत पाणी आलेले चेहरे पाठवले. तुझा मात्र दुसऱ्या दिवशी फोन आला. "तो व्हिडिओ काढून टाक," एवढंच म्हणालीस. मी म्हटलं, अगं आई, गंमत होती ती. तू त्यावर काही बोलली नाहीस. तुझं रागावणं मला लहानपणापासून पाठ होतं, पण तसं गप्प राहणं मी पहिल्यांदा ऐकलं. पोर त्यानंतर आमच्याशी मराठीत बोललीच नाही. आपण मराठीत विचारायचं, तिने इंग्रजीत उत्तर द्यायचं. इथे सगळ्यांचीच मुलं असं करतात, म्हणून मीही ते इथल्या हवेवर ढकलून दिलं.

सिनेमा थांबलेलाच होता. पडद्यावर तो मुलगा अर्ध्या उघड्या तोंडाने उभा. काहीतरी बोलायला हवं म्हणून मी तिला तुझ्या त्या परदेशी मुलाची गोष्ट सांगायला लागले.

तो मॉर्मन नव्हता, दुसऱ्या कुठल्या चर्चचा होता, पण वय तेच. गावातल्या मिशनच्या दवाखान्यात आला होता आणि त्याला मराठी शिकवायला कुणी तरी तुझं नाव सुचवलं होतं. शाळेतून आल्यावर तुला वेगळा वेळ कुठला? म्हणून शिकवणी स्वयंपाकघरात. मला अजून दिसतं ते. तू पोळ्या लाटते आहेस, तो पाटावर गुडघे पोटाशी घेऊन बसला आहे आणि तू एकेक वस्तू उचलून दाखवते आहेस. "हा तवा. ही पोळी. हे लाटणं." तो विचारतो, "का, बाई? लाटणं हा का नाही?" तू म्हणतेस, "ते मलाही माहीत नाही. तू म्हण." शेजारच्या काकू पलीकडून तुला बजावायच्या, "बाटवतील हो तुम्हाला एक दिवस." आणि तू म्हणायचीस, "अहो, अजून त्याचं नपुंसकलिंग व्हायचंय, बाटवायला त्याला वेळ कुठला?"

मग त्याला दवाखान्यातल्या प्रार्थनेत मराठीत बोलायचं होतं आणि तो ते तुला म्हणून दाखवत होता. डोळे मिटून, हात जोडून, अगदी मनापासून तो म्हणाला, "देवा, मी तुला भाजतो."

मी दहा वर्षांची. मी जमिनीवर लोळले. तू लाटणं खाली ठेवलंस, माझा दंड धरलास आणि मला मागच्या अंगणात उभं केलंस. "हसायचं असेल तर इथे हस. तो आपली आई सोडून इतक्या लांब आलाय, आणि आपल्या बोलीत बोलायला बघतोय. तुला जमेल?" मग आत जाऊन, जणू काहीच झालं नाही अशा आवाजात म्हणालीस, "हो, भजतो. मीही भजते. पुढे?" तो चुकला होता हे तू त्याला कधी सांगितलंच नाहीस. दुसऱ्या वेळी तो आपोआप बरोबर म्हणाला. तो परत निघाला तेव्हा दारात उभा राहून "जातो" न म्हणता "बाई, येतो" म्हणाला, आणि तू त्याला नीट निरोपसुद्धा न देता आत निघून गेलीस, पदराने डोळे पुसत.

एवढं सांगून मी थांबले. तुझ्या नातीने रिमोट खाली ठेवला. मग म्हणाली, "सो आजी वुडन्ट हॅव लाफ्ड."

"नाही."

"देन व्हाय डिडन्ट आय टॉक टू हर?"

"तूच बोलायची नाहीस गं," मी म्हटलं. तिने मान हलवली आणि सिनेमा पुन्हा सुरू केला. शेवटी तो मुलगा घरी परततो, आई त्याला मिठी मारते वगैरे. माझं लक्ष नव्हतं.

तेव्हापासून मला घरात स्वस्थ बसवत नाही. शनिवारी समुद्रकाठी कॉर्निशवर चालायला गेले, दमट हवेत दहा मिनिटांत परत फिरले. बकाल्यात दूध घेताना आठवलं, इथे आलो त्या वर्षी मी याच दुकानात अरबीत अंडी मागितली होती आणि काउंटरवरचा म्हातारा हसला होता. चांगला माणूस होता तो, हसणंही प्रेमाचंच असेल. पण एकोणीस वर्षांत 'खलास' आणि 'यल्ला'च्या पुढे मी अरबी बोलले नाही. काल सकाळी तुझी नात स्वयंपाकघरात आली, डबा उघडून बघितला आणि म्हणाली, "मम्मा, साखर संपला." अकरा वर्षांनी मराठी वाक्य. आणि माझ्या तोंडून लगेच निघालं, "संपली." तिने "ओके" म्हटलं आणि फोन घेऊन खोलीत गेली. तू असतीस तर म्हणाली असतीस, हो का, संपली का, चल आणू.

पण मला हे सांगायचं नव्हतं. सकाळपासून मी ज्यासाठी उठबस करतेय ते वेगळंच आहे. तू गेलीस त्याच्या आठ दिवस आधी दुपारी तुझा फोन आला होता. बोलताना तुला धाप लागत होती. "पोरीला दे जरा," म्हणालीस. मी म्हटलं, झोपलीय गं. मला भीती वाटली की ती इंग्रजीत बोलेल आणि तू पुन्हा तशी गप्प राहशील.

ती झोपली नव्हती, आई. माझ्या शेजारी बसून चित्र रंगवत होती, आणि तुझा आवाज ऐकून तिने फोनसाठी हात पुढे केला होता. हे मी अजून तिलाही सांगितलेलं नाही.