सोळा तारखेचा नावाडी

१६ जुलै

आज मी एक माणूस तयार केला. शून्यातून. आणि साडेतीनशे मुलांसमोर त्याला मारूनही टाकला!

दोष मोठ्या बाईंच्या तक्त्याचा. सभागृहाच्या भिंतीवर वर्षाचा तक्ता – तीनशे पासष्ट चौकोन, प्रत्येकात एक दिनविशेष. ज्याची पाळी त्याने सकाळी उभं राहून सांगायचं, आज अमुक दिवस. मग दिवसभराचं गणित, भाषा, चित्रकला, सगळं त्यातूनच काढायचं. कागदी पिशवीच्या दिवशी मुलांनी पिशव्यांची बेरीज केली, पिशवीवर निबंध लिहिला आणि पिशवीचं चित्र काढलं. चार दिवस झाले, अजून चिकटलेली बोटं घेऊन फिरताहेत.

आज माझी पाळी. वर चढून बघते तर चौकोन रिकामा. मोठ्या बाई समोर खुर्चीत. मी तात्पुरती, अजून वर्षभर परिवीक्षेवर. "माहीत नाही" म्हणायचं धैर्य होईना. उचलली जीभ लावली टाळ्याला – म्हणाले, आज नावाडी दिन. फार वर्षांपूर्वी एका गावात पूर आला, पलीकडच्या काठावर शाळेची अकरा मुलं अडकली, नाव इतकी लहान की एका वेळी दोनच बसणार. एका तरण्या नावाड्याने सगळी आणली. सात फेऱ्या केल्या. सातव्या फेरीहून तो परत आला नाही.

कुठून आलं हे तोंडात? एकही शब्द शोधावा लागला नाही. पाठ केल्यासारखं सरसर आलं. मागच्या रांगेतली दांडगी पोरंसुद्धा गप्प. मोठ्या बाईंनी डोळे पुसले आणि स्वतः उठून चौकोनात 'नावाडी दिन' लिहिलं. शाईने.

संध्याकाळी आईला गंमत म्हणून सांगितलं. ती शिवणयंत्रावर होती. पाय थांबला. वाटलं हसेल. म्हणाली, पोरांना असलं सांगतात का. आणि न जेवता आत गेली. मी खोटं बोलले याचा राग आला असणार. लहानपणी पेन्सिलीवरून खोटं बोलले तेव्हाही दोन दिवस अबोला होता.

१७ जुलै

तिसरीतल्या मुलांनी नावाड्याची चित्रं आणून दिली. एकाने त्याला मिशा काढल्यात, एकीने मोबाइल दिलाय. मोबाइल असता तर मेला नसता, असं तिचं म्हणणं.

जाईल विसरून सगळं. पोरं कालचं जेवण विसरतात.

९ ऑगस्ट

कोणी विसरलेलं नाही. सुट्टीत नावाडी-नावाडी खेळतात. बाक म्हणजे नाव. बुडायला कोणी तयार होत नाही, म्हणून रोज भांडण.

१ ऑक्टोबर

ज्येष्ठांचा दिवस. मुलांनी आपापल्या आजी-आजोबांना शाळेत आणायचं, त्यांच्या लहानपणाविषयी विचारायचं. बहुतेक आजोबांचं उत्तर एकच – आमच्या वेळी मार फार पडायचा. मुलं खूश.

माझ्या वर्गात एक जाड भिंगाची मुलगी आहे, चष्मेवाली म्हणतो तिला सगळे. तिचे आजोबा घड्याळं दुरुस्त करतात. सगळे गेल्यावर ते दाराशी घुटमळत राहिले. मग आत आले, बाकावर बसले, मावेनात तरी बसले. म्हणाले,

"बाई, ती नावेची गोष्ट तुम्हाला कोणी सांगितली? त्या अकरांतला मी आहे."

मला हसायला आलं. मग त्यांचा चेहरा बघितला.

मी दुसरीत होतो, म्हणाले. तिसऱ्या फेरीत आलो. तो नावाडी नव्हता बाई, तो वीटभट्टीवर होता, नाव दुसऱ्याची. आम्हाला म्हणाला डोळे मिटा आणि पाढे म्हणा, मी बेचा पाढा सात वेळा म्हटला. काठावर आल्यावर कोणीतरी मला घोंगडीत गुंडाळून घेऊन गेलं. पुढचं काही पाहिलं नाही.

मी विचारलं, कुठलं गाव? त्यांनी सांगितलं. मी ते नावही कधी ऐकलेलं नाही.

घरी येईपर्यंत डोकं भणभणलं. मी रचलेल्या पुरात हा माणूस भिजला कसा? खोटं बोलत असतील? पण का? फुटक्या कवडीचा फायदा नाही. म्हातारपणी ऐकलेलं आणि घडलेलं यांची सरमिसळ होते म्हणतात. नातीने सांगितलेली गोष्ट डोक्यात बसली असेल. हो, तेच.

पण वीटभट्टी मी सांगितलीच नव्हती.

२ ऑक्टोबर

आईला आजोबांबद्दल सांगितलं. "म्हाताऱ्या माणसाच्या नादी लागू नकोस," म्हणाली. ती स्वतः त्यांच्याच वयाची! दोन वेळा विचारलं, पाढे म्हणा असं खरंच म्हणाला तो? मी म्हटलं, तुला काय करायचंय. तर म्हणे काही नाही, आमटी उतू जातेय. आमटी गॅसवर नव्हतीच.

१९ नोव्हेंबर

जागतिक शौचालय दिन. माझी पाळी नव्हती. सुटले! चित्रकलेच्या सरांची होती. त्यांना आम्ही रंगारी म्हणतो. दिवसभर चेहरा पाहण्यासारखा. गणित काय घातलं ते इथेसुद्धा लिहिणार नाही.

३ डिसेंबर

मोठ्या बाईंनी बोलावलं. वाटलं, चौकशी. तर म्हणाल्या, तुमचा नावाडी मी वरच्या कार्यालयात पाठवलाय. साहेबांना फार आवडला. पुढच्या वर्षीच्या पुस्तिकेत घालतात, सगळ्या शाळांसाठी.

मी खरं सांगायला हवं होतं. तोंड उघडलंही. तेवढ्यात त्या म्हणाल्या, कायमच्या नेमणुकीसाठी तुमचं नाव मी वर लावलंय. उघडलेलं तोंड तसंच मिटलं. मी आणि आई, दोघींचं घर या एका पगारावर. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.

२१ फेब्रुवारी

मातृभाषा दिन. आपापल्या आईचा एक खास शब्द आणा, असं सांगितलं. मुलांनी पन्नास शब्द आणले, त्यातले तीस शिव्या.

मीही आईला विचारलं, तुझ्या आईचा एखादा शब्द सांग. म्हणाली आठवत नाही. तिला कधीच काही आठवत नाही. माहेर आठवत नाही, शाळा आठवत नाही. एकुलती एक होते, आईवडील लवकर गेले, संपलं! एवढ्यात तिचं सगळं बालपण आटोपतं. माझ्या वर्गातल्या सात वर्षांच्या पोरांचा भूतकाळ याहून मोठा आहे.

२२ मार्च

पाण्याचा दिवस. पुस्तिका छापून आली – नावाडी दिन, पान एकतीस. खाली गणित: अकरा मुले, एका फेरीत दोन, तर किती फेऱ्या? साहेबांनी घातलेलं. वर्गाला सोडवायला दिलं आणि खिडकीशी उभी राहिले.

चष्मेवाली वही घेऊन आली. "बाई, उत्तर सहा येतंय. पाच फेऱ्यांत दहा, सहावीत एक. तुम्ही सात म्हणाला होता."

चुकलं असेल माझं, म्हटलं. तिने मान हलवली. चुकलं म्हटलेलं तिला चालत नाही.

"सहाव्या फेरीत सगळी आली. मग तो सातव्यांदा कुणाला आणायला गेला?"

सगळ्यांनाच पाहिजे होतं उत्तर. मी म्हणाले नंतर सांगते.

काय सांगणार कपाळ! मी रचलेला माणूस, मीच त्याला सातव्यांदा पाण्यात ढकलला, आणि मलाच माहीत नाही कशासाठी. सहा म्हटलं असतं तरी चाललं असतं की. पण मनात सहा म्हणून बघितलं. जमत नाही. सातच होत्या.

हे काय लिहिलं मी? होत्या म्हणजे काय!

२३ एप्रिल

पुस्तक दिन. पुस्तकं आणा म्हटलं तर निम्म्या वर्गाने तीच पुस्तिका आणली. चष्मेवालीने पान एकतीसवर पेन्सिलने प्रश्नचिन्ह काढलंय. बघते, पण विचारत नाही. विचारलेलं परवडलं.

घड्याळवाल्या आजोबांना गाठून विचारलं, सातवी फेरी का केली त्याने? म्हणाले, तेच मी छप्पन्न वर्षं विचारतोय बाई.

११ जून

शाळेच्या फाटकाशी दगडी बाक बसवणार. त्यावर नावाड्याच्या स्मरणार्थ म्हणून कोरणार. सोळा जुलैला कार्यक्रम, साहेब येणार, बाकावरचं फडकं घड्याळवाले आजोबा काढणार. माझी कायम नेमणुकीची ऑर्डर सतराला.

आता कागदावर नाही, दगडावर!

१२ जून

सांगून टाकलं मोठ्या बाईंना. दार लावून. तो माणूस कधी नव्हताच, चौकोन रिकामा होता म्हणून मी रचला.

त्यांनी चष्म्याची काच पुसली. मग म्हणाल्या, "सतरा तारखेपर्यंत तोंड बंद ठेवा. तुमच्यासाठी सांगतेय, माझ्यासाठीही."

आणि आजोबा? मी विचारलं. तर म्हणे, त्यांचं खरं मानून चाला की. म्हणजे बघा – मी खोटं सांगितलं म्हणून ते खोटं, आणि त्यांना आठवतं म्हणून तेच खरं? डोक्याचा पार भुगा झालाय. मी खरं बोलले तर ते म्हातारे गृहस्थ साडेतीनशे मुलांसमोर खोटे पडतात. नाही बोलले तर मुलांना मी आयुष्यभराची थाप शिकवली. ही मुलं मी सांगते ते वहीत उतरवतात. तारखेसकट.

२ जुलै

आईला विचारलं, काय करू? नोकरी जाईल कदाचित.

म्हणाली, नोकरीचं बघू. यंत्र आहे, हात आहेत. मग शिवण उसवत बसली. चांगली सरळ शिवण होती. का उसवतेस विचारलं तर म्हणाली, वाकडी वाटली.

१० जुलै

कार्यक्रमात मुलं नावाड्याचं नाटुकलं करणार, त्याची तालीम. सहा फेऱ्या होईपर्यंत सगळं नीट चालतं. सातव्या फेरीला नावाडी झालेला मुलगा अडतो. बाई, मी आता काय म्हणून जाऊ? रागावलेलं तोंड करू की घाईचं? मी म्हणाले नुसता जा. नुसतं कोणी जात नाही बाई, म्हणाला. आठ वर्षांचा आहे.

१४ जुलै

ठरलं. परवा उभी राहून सांगणार. आजोबांना आधी घरी जाऊन सांगणार. मुलांची क्षमा मागणार. ऑर्डर गेली खड्ड्यात. मुलांना वर्षभर दिवस शिकवले – हात धुवा, झाडं लावा, पाणी वाचवा. एक दिवस बाईंनी चूक कबूल केल्याचाही बघू देत.

लिहिताना शूर वाटतंय. अक्षर मात्र वाकडंतिकडं आलंय.

१५ जुलै

आजोबांचं दुकान बंद होतं. दोनदा जाऊन आले. आता उद्या शाळेतच गाठायला हवं.

परत आले तर आई निमंत्रणपत्रिका घेऊन बसलेली. मी ती दप्तरात ठेवली होती, तिने काढून घेतली. चष्मा लावून, बोट फिरवून, एकेक शब्द वाचला. मग म्हणाली,

"तारीख चुकली तुझी. एकोणीस होती."

मला कळेना. कसली एकोणीस? म्हटलं, अगं आई, ती गोष्ट मी रचलीय.

"मी सांगितलीय तुला. चार वर्षांची होतीस, तापाने फणफणलेली. तीन दिवस डोळे उघडले नव्हतेस. कोणाशी तरी बोलायचं होतं मला. तुला ऐकू जात नाहीसं वाटलं."

मी काय काय विचारलं, आता आठवतही नाही. तुला कोणी सांगितलं, तू तिथे होतीस का, तो कोण होता. तिने पत्रिका घडी करून पदराखाली ठेवली आणि दार लावून घेतलं. वर्षभर माझ्यासमोर बसून शिवत होती ही बाई! राग येतोय. आणि उद्या मी उभी राहून नेमकं काय कबूल करायचं?

१६ जुलै

आई आली. न सांगता, मागच्या रांगेत बसली. मी बोलायला उभी राहिले तोच समोर चष्मेवालीचा हात वर. मार्चपासून थांबली होती पोर. विचारलंच – सगळी मुलं आली होती, मग तो परत का गेला?

मागून आई उठली. सगळ्यांनी वळून बघितलं. ती माझ्याकडे नाही, त्या मुलीकडे बघून बोलली.

"सहाव्या फेरीत मी आले बाळा, शेवटची. आणि रडायला लागले, माझं दप्तर पलीकडे राहिलं म्हणून. दादा म्हणाला, रडू नकोस, आत्ता आणतो."